ठिणगीची वेळ

माझ्या टेबलाच्या खणात सायकलच्या चाकाचा एक जुना स्पोक आहे. वीतभर लांब, एका टोकाला घासून गोलसर केलेला, मधोमध किंचित काळवंडलेला. त्याच्यावर तीन बारीक ओरखडे आहेत. दोन ठळक, तिसरा त्यांच्या मधोमध, पुसट. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर तिसरा दिसतही नाही. भिंग धरावे लागते.

हा स्पोक सांगलीतल्या एका मिस्त्रींचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचे पत्र्याचे गॅरेज होते आणि चाळीसएक वर्षे त्यांनी फक्त बुलेटच दुरुस्त केल्या. ते गेल्यानंतर त्यांच्या मुलाने गॅरेज आवरायला काढले, तेव्हा भंगारात द्यायच्या डब्यात वाकडे खिळे, तुटके स्प्रिंग, झिजलेले पॉइंट यांच्या ढिगात हा स्पोक पडलेला होता. मी तो मागून घेतला. ‘‘सर, ह्याचं काय करणार?’’ मुलाने विचारले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

यंत्रांचा इतिहास आपण बहुधा पेटंटांच्या तारखांवरून आणि कंपन्यांच्या स्थापनेवरून लिहितो. शोध कोणी लावला, कारखाना कुठे निघाला, माल किती खपला, हे त्यातून कळते. परंतु चालत्या इंजिनात ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी, हे ठरवणारा कोण, असा प्रश्न विचारला की हा इतिहास वेगळा दिसू लागतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हा निर्णय वेगवेगळ्या हातांत गेला आहे. त्यातला एक हात सांगलीतला होता, आणि त्याने मागे ठेवलेला दस्तऐवज म्हणजे हे तीन ओरखडे.

क्षणाचे गणित

आधी प्रश्न समजून घेऊ. चार फेऱ्यांच्या पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली येताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन वर जाताना ते दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण जळते, तापलेला वायू पिस्टनला खाली रेटतो, आणि चौथ्या फेरीत जळालेला धूर बाहेर जातो. शाळेच्या पुस्तकात ठिणगी पिस्टन अगदी वर पोचल्यावर पडते असे चित्र असते. प्रत्यक्षात ती त्याच्या आधी पडावी लागते.

कारण मिश्रण एकदम पेटत नाही. प्लगपाशी पेटलेली ज्योत पसरत जाऊन सगळे मिश्रण कवेत घेते आणि त्याला वेळ लागतो. समजा, हा वेळ सेकंदाचे दोन सहस्रांश एवढा आहे. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्या फिरत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक ७ अंश पुढे सरकतो. तेच ३,००० फेऱ्या फिरत असेल, तर ३६ अंश. म्हणजे दाब योग्य ठिकाणी मिळायचा असेल तर वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पाडली पाहिजे.

ती फार आधी पडली, तर वर चढणाऱ्या पिस्टनला वायू उलटा दणका देतो. किक मारणाऱ्याच्या घोट्याला तो दणका बसला की त्याला आयुष्यभर लक्षात राहतो. चढावर इंजिन खडखड ठोके देते आणि हळूहळू पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. उशिरा पडली, तर गाडी मरगळते, पेट्रोल पिते, सायलेन्सरची नळी तापून निळी पडते. या दोन चुकांच्या मधली जागा अगदी अरुंद आहे. तिलाच गॅरेजच्या भाषेत ‘टायमिंग’ म्हणतात आणि ते जुळवण्याला ‘टायमिंग बांधणे’.

कोणीच न ठरवलेला क्षण

नोव्हेंबर १८८५ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या कानष्टाट गावातून एक लाकडी दुचाकी निघाली. गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी ती बनवली होती आणि डाइमलरचा किशोरवयीन मुलगा पाउल ती चालवत होता. पेट्रोल इंजिनावर चालणारी पहिली मोटरसायकल म्हणून तिची नोंद होते. इंजिन २६४ घनसेंटिमीटरचे, ताकद जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीची.

त्या इंजिनात ठिणगी नव्हतीच. सिलेंडरला जोडलेली एक छोटी नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवलेली असे. पिस्टनने मिश्रण दाबले की ते त्या तप्त नळीत शिरून पेटे. कधी पेटावे, हे नळीची उष्णता, मिश्रणाचा पातळपणा, हवेचा गारठा यांनी मिळून ठरायचे. माणसाच्या हातात काही नव्हते. ही ज्योत बैठकीच्या खालीच होती आणि त्या पहिल्याच सफरीत बैठकीने पेट घेतला, अशी हकीकत सांगितली जाते.

विजेच्या ठिणगीचे प्रयोगही त्या काळी चालू होते. फ्रान्समध्ये लेन्वारने १८६० मध्येच आपल्या गॅस इंजिनात ती वापरली होती, कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीत तीच वाट धरली. पण मोटरसायकलच्या दृष्टीने खरी कलाटणी १८९५ च्या सुमारास मिळाली. पॅरिसच्या द दियों-बूतों कंपनीतल्या जॉर्ज बूतोंने बॅटरी, कॉइल आणि कॅमवर उघडझाप करणारा संपर्क अशी रचना केली आणि तो संपर्क पुढेमागे सरकवता येईल अशी सोय ठेवली. तप्त नळीच्या इंजिनांचा वेग मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांच्या आसपास अडकलेला असताना बूतोंचे इंजिन दीड हजारांवर गेले. धातू तोच, पेट्रोल तेच. क्षण हातात आल्याचा हा परिणाम होता.

मुठीजवळची दांडी

बॅटऱ्या जड आणि बेभरवशाच्या होत्या. त्यांच्याशिवाय वीज मिळावी म्हणून मॅग्नेटो आला. मॅग्नेटो म्हणजे इंजिननेच फिरवायचे, चुंबकांवर चालणारे छोटे जनित्र. रॉबर्ट बॉशच्या स्टुटगार्टमधल्या कार्यशाळेने १८९७ मध्ये असा मॅग्नेटो द दियों-बूतोंच्या तीनचाकीवर बसवून दाखवला. पुढे १९०२ मध्ये त्याच कार्यशाळेतल्या गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग तयार केला. आज आपण ज्याला प्लग म्हणतो तो रुळला तो इथून.

या मॅग्नेटोबरोबर मोटरसायकलच्या हँडलवर मुठीजवळ एक छोटी दांडी आली. तिच्या केबलने संपर्क पुढेमागे होत असे. गाडी सुरू करताना दांडी मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि किक उलटत नाही. रस्त्याला लागल्यावर पुढे करायची. घाट आला, वेग पडला, ठोका ऐकू आला की पुन्हा थोडी मागे. म्हणजे ठिणगीचा क्षण चालवणाराच ठरवीत होता, आणि तोही दर मैलाला. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२० सारख्या लष्करी गाड्यांवरही ही दांडी होती. तशा गाड्या चालवलेली जुनी माणसे सांगत की इंजिनचे बोलणे कळल्याशिवाय ती गाडी हाती लागत नसे.

या काळात ठिणगीचे राजकारणही झाले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आले, की आपल्या मोटारी आणि विमाने शत्रूच्या देशातून येणाऱ्या मॅग्नेटोंवर अवलंबून आहेत. घाईघाईने तिथे देशी मॅग्नेटोचा उद्योग उभा राहिला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्याच वर्षी थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढे ब्रिटिश मोटरसायकलींच्या विजेवर लुकासचेच नाव दिसू लागले.

पुढची पायरी शांतपणे आली. संपर्काच्या कॅमखाली दोन लहान वजने आणि दोन स्प्रिंग बसवण्यात आले. इंजिन संथ असताना स्प्रिंग वजनांना आत धरून ठेवतात. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे ढकलतात, ठिणगी आपोआप लवकर पडते. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या दोन गोळ्यांचीच ही कल्पना. हँडलवरची दांडी गेली. वेगानुसार करायचा फेरफार वजनांकडे गेला. पण ही वजने कुठून मोजायला सुरुवात करणार, तो पहिला बिंदू कोणीतरी हाताने बांधून द्यावा लागे. चालवणाऱ्याकडून निघालेला निर्णय असा मिस्त्रीकडे आला.

मद्रासमार्गे सांगली

बुलेट हे नाव रॉयल एनफिल्डने इंग्लंडमधल्या रेडिच इथे १९३२ मध्ये वापरायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी भारत सरकारने ८०० बुलेटची मागणी नोंदवली आणि त्यातूनच १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला आधी जुळणी आणि मग सुटे भाग बनू लागले. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, मूळ कंपनी १९७१ मध्ये विसर्जित झाली. इंग्लंडमध्ये संपलेले इंजिन इथे मात्र पुढची चार दशके बनत राहिले. ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ घनसेंटिमीटर.

बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’, म्हणजे आपली ‘मायको’, स्थापन झाली आणि प्लग इथे बनू लागले. नाशिकला तर या कंपनीच्या नावाने एक चौकच ओळखला जातो. १९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस निघाली. एका महायुद्धात ज्यांच्यामुळे आणि ज्यांच्याविरुद्ध मॅग्नेटोचे कारखाने काढावे लागले, त्या दोन घराण्यांची पाकिटे सांगलीच्या गॅरेजमध्ये एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेली मी पाहिली आहेत.

या बुलेटच्या इंजिनाच्या उजव्या अंगाला, मागच्या बाजूस, गोल झाकणाखाली पॉइंट असतात. पॉइंट म्हणजे एकमेकांना टेकलेले धातूचे दोन ठिपके. कॅमने ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पुस्तकात लिहिले आहे, की पॉइंटची कमाल फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी आणि वजने पूर्ण आत असताना पिस्टन वरच्या टोकापासून ०.८ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, खाली असताना पॉइंट उघडू लागावेत. हिशेब केला तर हे अंतर क्रँकच्या ९ ते १० अंशांएवढे भरते.

हे वाचायला सोपे आहे. अडचण अशी, की वरच्या टोकाजवळ पिस्टन जवळजवळ थबकतो. तिथे क्रँक बराच फिरला तरी पिस्टन केसभर हलतो. तीन दशांश मिलिमीटरची चूक झाली तर दोन अंशांचा फरक पडतो. शिवाय पॉइंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे तिथली एक अंशाची चूक इंजिनात दोन अंशांची होते.

मिस्त्रींची पद्धत मी अनेकदा शेजारी बसून पाहिली आहे. आधी ते पॉइंट साफ करून फट बांधत. क्रम महत्त्वाचा, कारण फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. फट नंतर बदलली तर सगळी मेहनत वाया. मग प्लग काढायचा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची आणि मागचे चाक हाताने फिरवत पिस्टन वर आणायचा. पुशरॉडवरचे छोटे झाकण उघडून रॉड बोटांनी फिरवून बघायचे. दोन्ही मोकळे फिरले, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत आणि ही दाबाचीच फेरी आहे. मग प्लगच्या भोकातून स्पोक आत. पहिला ओरखडा भोकाच्या काठाशी आला की पिस्टन वर. तिथून चाक मागे फिरवायचे, खुणेच्याही बरेच मागे न्यायचे, आणि मग सावकाश पुढे आणत दुसऱ्या ओरखड्यावर थांबायचे. थेट मागे येऊन थांबले तर गिअरच्या दात्यांतली ढिलाई फसवते.

आता पॉइंटच्या चिमटीत कागदाची पातळ पट्टी. सिगारेटच्या पाकिटातला किंवा विडीच्या बंडलावरचा कागद. एका हाताने पट्टी हलकेच ओढत, दुसऱ्या हाताने पॉइंटची प्लेट अगदी थोडी थोडी फिरवायची. पट्टी अडकलेली असते, अडकलेली असते आणि एका जागी अलगद सुटते. तिथे स्क्रू आवळायचे. पडताळा पाहायला चावी फिरवायची. हेडलाइटच्या घडणीतल्या अँपिअर मीटरचा काटा पॉइंट मिटलेले असताना उणेकडे झुकतो आणि उघडले की मध्यावर येतो. कागद सुटणे आणि काटा मध्यावर येणे एकाच ठिकाणी घडले, की मिस्त्री चहा सांगत.

स्पोकचे वाचन

स्पोक हाती आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती मोजण्याची. दोन ठळक ओरखड्यांमधले अंतर सुमारे १ मिलिमीटर भरले. पुस्तकात तर ०.८. माझ्या मनात आले, मिस्त्री आयुष्यभर चुकीचे टायमिंग बांधत होते की काय? पण त्यांनी बांधलेल्या गाड्या पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होत आणि कुंभार्ली घाट बिनठोक्याने चढत, हे मी स्वतः अनुभवलेले होते.

उत्तर इंजिनाकडे नीट पाहिल्यावर मिळाले. बुलेटचा प्लग सरळ उभा नसतो, तिरका असतो. भोकातून आत गेलेला स्पोकही तिरका जातो. पिस्टन सरळ खाली उतरतो तेव्हा तिरक्या स्पोकला त्याच्यामागे जाण्यासाठी पिस्टनपेक्षा जास्त अंतर कापावे लागते. पुस्तकातला आकडा पिस्टनचा होता; मिस्त्रींना स्पोकचा आकडा हवा होता. त्यांनी त्रिकोणमिती केली नव्हती. मुलाकडून कळले ते असे, की एका उत्तम चालणाऱ्या गाडीवर सगळे जुळलेले असताना त्यांनी स्पोक आत घालून ही खूण करून घेतली होती आणि पुढे प्रत्येक गाडीवर ती पडताळत गेले. पुस्तकातला ०.८ आकडा तसाच स्पोकवर उतरवणारा माणूस टायमिंग मागे बांधून बसला असता.

तिसऱ्या, पुसट ओरखड्याबद्दल मात्र मी त्यांना जिवंतपणीच विचारले होते. तो दोन खुणांच्या मध्ये आहे, म्हणजे त्यावर बांधले तर ठिणगी थोडी उशिरा पडते. ते म्हणाले होते, ‘‘पेट्रोल बघून वेळ बांधायची, सर. पुस्तक इंग्लंडात छापलंय, पंप आपल्या गावात हाय.’’

रॉकेल स्वस्त होते, पेट्रोल महाग होते आणि एकात दुसरे मिसळले जात होते. भेसळीच्या पेट्रोलची ठोका सोसण्याची ताकद कमी होते. पुस्तकी टायमिंगवर इंजिन चढावर खडखडते. म्हणून खेड्यांतून येणाऱ्या, एकाच पंपावर भरणाऱ्या गाड्यांना मिस्त्री मधल्या खुणेवर बांधून देत. थोडी ताकद कमी, पण पिस्टन वाचतो. या भेसळीचा धंदा किती निर्ढावलेला होता, हे महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जाळून मारले. त्या धंद्याच्या नोंदी सरकारी दप्तरात आहेत, न्यायालयात आहेत. तशीच एक नोंद या स्पोकवरही आहे, सुईच्या टोकाने काढलेली. फरक एवढाच, की ती वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत.

बंद डबीतला क्षण

२००० नंतरच्या दशकात बुलेटवरही इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आले. पॉइंट गेले, फट गेली, झिजणारी टाच गेली. आता एक संवेदक क्रँक कुठे आहे ते सांगतो आणि बंद डबीतले सर्किट क्षण ठरवते. प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे जुने बिडाचे इंजिनही बनायचे थांबले. यात हळहळण्यासारखे फारसे नाही. पॉइंटची टाच झिजे, फट कमी होई, टायमिंग दिवसेंदिवस मागे पडे आणि मालकाला पत्ता लागत नसे. पावसाळ्यात पॉइंटवर दमट बुरशी चढे. अर्ध्या रस्त्यात रात्री बंद पडलेली गाडी ढकलत नेलेल्या माणसाला बंद डबीचे मोल कोणी शिकवायला नको. धूर कमी झाला, तो सगळ्यांच्याच फुप्फुसांसाठी बरा.

गेले ते वेगळेच. तप्त नळीच्या काळात क्षण कोणीच ठरवत नव्हते. दांडीच्या काळात चालवणारा, पॉइंटच्या काळात मिस्त्री. आज तो कारखान्यात आधीच ठरून येतो आणि गावातला पंप कसा आहे, हे त्याला विचारून बदलता येत नाही. मिस्त्रीच्या हातात होती ती दुरुस्ती नव्हती, तो निवाडा होता. पुस्तकातला आकडा आणि गावातली परिस्थिती यांच्यामध्ये उभे राहून केलेला. असे निवाडे करणाऱ्यांनी क्वचितच काही लिहून ठेवले. त्यांचा इतिहास लिहायचा तर स्पोक, कागदाच्या पट्ट्या, पत्र्यावर खडूने लिहिलेले आकडे हीच साधने आहेत आणि ती दर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जातात.

गेल्या दसऱ्याला मिस्त्रींच्या मुलाचा फोन आला. तो आता नव्या गाड्यांचे काम करतो, संगणकाला गाडी जोडून दोष वाचतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा मात्र वडिलांसारखीच मांडतो. कोणाची तरी १९७८ ची बुलेट दारात आली होती आणि किक उलटत होती. ‘‘सर, तो स्पोक आणता का जरा?’’

मी गेलो. प्लग काढला, पुशरॉड फिरवून पाहिले. चाक त्याने फिरवले, खूण मी पाहिली. कागद त्याने ओढला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याच्या बोटांना ते अलगद सुटणे कळले आणि त्याने मान वर केली. गाडी दुसऱ्या किकला लागली. त्यानंतर मी एका जाड कागदाच्या तुकड्यावर तीन ओळी लिहिल्या: पहिली खूण कशाची, दुसरी कशाची, तिसरी कशासाठी. तो तुकडा दोऱ्याने स्पोकला बांधला. पूजेच्या पाटावर, झेंडूच्या फुलांत, पान्यांच्या रांगेत त्याने तो ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने तो मला परत करू केला. मी म्हटले, राहू दे इथेच, गाड्या इथे येतात. दोन महिन्यांनी तोच तो माझ्याकडे घेऊन आला. दोरा तेलकट झाला होता, कागदाच्या मागच्या बाजूला त्याच्या अक्षरात चौथी ओळ होती: ‘नवीन पेट्रोलला दुसरीच खूण चालते, बघितली.’ ती ओळ या लेखात यावी म्हणून स्पोक सध्या माझ्या खणात आहे. अंक छापून झाला की परत द्यायचा आहे.